शनिवार-रविवारचे पायी प्रवासी आणि सोमवारचे ओरोस

लहान शहरे पायी पाहण्याची एक टूम सध्या आपल्या सुशिक्षित वर्गात आहे. शुक्रवारी रात्री गाडीत बसावे, शनिवारी सकाळी एखाद्या जिल्ह्याच्या वा तालुक्याच्या गावी उतरावे, दोन दिवस गल्लीबोळ तुडवावेत आणि परतल्यावर त्या गावाचा 'आत्मा' गवसल्याचे लिहून मोकळे व्हावे, असा हा क्रम. या हिंडण्याला आमचा विरोध नाही. आमचा विरोध आहे तो दोन दिवसांच्या चालण्यातून निघणाऱ्या निवाड्यांना, आणि त्यांतही 'तिथे पाहण्यासारखे काही नाही' या निवाड्याला.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात हा निवाडा सिंधुदुर्गनगरीच्या, म्हणजे ओरोसच्या, वाट्याला हमखास येतो. सावंतवाडीला मोती तलाव आहे, लाकडी खेळणी आहेत. मालवणला समुद्रातला किल्ला आहे. कुडाळला, निदान साहित्याच्या विद्यार्थ्यांपुरती, आरती प्रभूंची आठवण आहे. ओरोसला काय आहे? जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, न्यायालय, पोलीस अधीक्षकांचे कार्यालय, जिल्हा रुग्णालय. 'सिंधुदुर्ग' नावाच्या रेल्वे स्थानकावर उतरून पर्यटक २५-३० किलोमीटरवरचे मालवण गाठतो. नाव कुरटे बेटावरच्या किल्ल्याचे आणि नगरी महामार्गालगतच्या माळावर, ही विसंगती त्याच्या लक्षातही येत नाही.

वास्तविक ती विसंगती हाच वाचनाचा आरंभबिंदू असायला हवा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. सावंतवाडीला संस्थानी राजधानीचा वारसा होता, मालवण-वेंगुर्ल्याला बंदरांचा; तरी जिल्ह्याचे ठिकाण कुडाळ तालुक्यातल्या ओरोसला नव्याने वसवण्यात आले. म्हणजे ही नगरी व्यापारातून उगवली नाही, देवळाभोवती वाढली नाही. ती शासननिर्णयातून जन्मली. शासनाच्या मनात 'जिल्हा' म्हणजे काय असते, ते इतक्या उघडपणे वाचायला मिळेल अशी गावे कोकणात फार नाहीत. आणि नेमके तेच वाचायला आमचे पायी प्रवासी तयार नसतात.

याचे कारण त्यांच्या वेळापत्रकात दडले आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. म्हणजे प्रवासी ज्या दोन दिवशी येतो, नेमक्या त्याच दोन दिवशी ओरोसमधली बहुतेक कार्यालये बंद असतात. बंद दुकानाच्या फळ्या पाहून 'आत माल नाही' असे म्हणण्यातला हा प्रकार आहे. ज्या दिवशी ओरोस ओस पडते त्या दिवशी यायचे आणि ओसपणाचा ठपका पुन्हा गावावरच ठेवायचा, याला निरीक्षण म्हणत नाहीत.

सोमवारी या नगरीत चालणारी माणसे वेगळी असतात. दोडामार्गहून, वैभववाडीहून, देवगडहून ती एसटीने येतात. हातात पिशवी, पिशवीत कागद. वारसनोंद, फेरफार, सातबारा, अपील ही त्यांची शब्दसंपदा. आंबोली, चौकुळ, गेळे ही नावे पर्यटकाला धुक्यासाठी आणि धबधब्यासाठी ठाऊक असतात. ओरोसच्या दफ्तरात तीच नावे 'कबुलायतदार गावकर' जमिनींच्या प्रश्नाखाली सापडतात. संस्थानकाळापासून गावकऱ्यांनी सामायिक वहिवाटलेल्या जमिनी पुढे सरकारच्या नावे लागल्या, आणि त्या परत मिळवण्यासाठी गावांना दशकानुदशके झगडावे लागले. सारा थकला म्हणून सरकारजमा झालेल्या 'आकारीपड' जमिनींची कथाही अशीच लांबलेली. ज्या निसर्गावर आपण शनिवारी लुब्ध होतो त्याची मालकी कोणाची, हा प्रश्न सोमवारी ओरोसला येऊन उभा राहतो. कोकणावरील मराठी लेखनात माड, गाज आणि पडवी यांना जेवढी जागा मिळाली, तिच्या तुलनेत या प्रश्नाला किती मिळाली याचा हिशेब साहित्याच्या अध्यापकांनी एकदा मांडावा.

'पण आम्हांला सुट्टी शनिवारी-रविवारीच असते,' हा आक्षेप रास्त आहे. त्यावर आमचे म्हणणे एवढेच, की मग आपण बंद गाव पाहिले असे लिहावे; गाव पाहिले असे लिहू नये. शिवाय जिल्हा रुग्णालयाला सुट्टी नसते. रविवारी ही नगरी कोणासाठी जागी असते, ते तिथल्या आवारात पाचदहा मिनिटे उभे राहिल्यास कळते.

दुसरा आक्षेप सौंदर्याचा. ओरोस रम्य आहे असा आमचा दावाच नाही. रुंद रस्ते, एकमेकांपासून लांब उभ्या असलेल्या इमारती, उन्हाळ्यात अंगावर येणारे ऊन: हे गाव पायी येणाऱ्याचा विचार करून आखलेले वाटत नाही. परंतु तो दोष मोटारीतून कळत नाही, पायांनाच कळतो. सत्तर वर्षांच्या माणसाला एका कचेरीतून दुसरीत जाताना सावली कुठे मिळते, टेकायला जागा आहे का, पाटीवरची भाषा त्याला उमगते का, हे मोजण्याइतके चालण्याचे दुसरे मोल कोणते?

वाल्टर बेंजामिनने ज्या भटक्याचे विवेचन केले तो पॅरिसच्या छतबंद बाजारगल्ल्यांतून रमतगमत हिंडणारा होता. आपले अभ्यासक त्याला आदर्श मानतात. मराठी गद्यात मात्र चालण्याची याहून वेगळी परंपरा आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फिटावे म्हणून, दक्षिणेच्या आशेने, हौसेने नव्हे. १९०७ साली छापल्या गेलेल्या 'माझा प्रवास'चे बळ या गरजेत आहे. गरजेपायी चालणाऱ्याला जे दिसते ते हौशी डोळ्यांना दिसत नाही. ओरोसच्या रस्त्यावर पिशवी घेऊन चालणारा माणूस गोडसे भटजींच्या कुळातला आहे, आणि त्याचे प्रवासवर्णन अद्याप लिहिले जायचे आहे.

म्हणून साहित्याच्या विभागांनी एखादी सहल सोमवारी काढावी. विद्यार्थ्यांच्या हाती कॅमेऱ्याऐवजी एक साधा अर्ज द्यावा, आणि तो योग्य टेबलापर्यंत पायी पोचवायला सांगावे. संध्याकाळी त्यांनी जे लिहिलेले असेल त्यात कदाचित 'आत्मा' हा शब्द नसेल. पण गाव असेल.