कानिटकरचा तो एक चौकार सगळ्यांना आठवतो, मग आधीचे २८६ चेंडू कुठे गेले?

वर्ध्यात एखाद्या पानठेल्यावर चाळिशी-पन्नाशीतली चार माणसं उभी असतील आणि क्रिकेटचा विषय निघाला, तर कधी ना कधी गाडी ढाक्याला पोहोचतेच. "कानिटकरचा तो चौकार आठवतो का?" एवढं कुणी म्हटलं, की पुढे काही सांगावं लागत नाही. कुणी बॅट फिरवल्यासारखा हात फिरवतो. कुणी बाहेर अंधार कसा पडत चालला होता, ते सांगतो. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं, "शेवटच्या चेंडूवर मारला होता राव!"

गंमत अशी, की तो शेवटचा चेंडू नव्हताच.

त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?

तारीख होती १८ जानेवारी १९९८. बांगलादेशच्या स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ढाक्यात इंडिपेंडन्स कप भरला होता. भारत आणि पाकिस्तान यांच्यात तीन अंतिम सामने ठरलेले. दोन झाले तेव्हा १-१ अशी बरोबरी होती, त्यामुळे तिसरा सामना निर्णायक.

सामना ४८ षटकांचा झाला. सईद अन्वरने १४० आणि एजाझ अहमदने ११७ धावा केल्या आणि पाकिस्तानचा धावफलक ५ बाद ३१४ वर थांबला. आजच्या काळात ही धावसंख्या मोठी वाटणार नाही. पण तोवर एकदिवसीय सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग कुणीही यशस्वी केला नव्हता.

भारताने तो केला. सचिन तेंडुलकरने वेगवान ४१ धावा काढून सुरुवात करून दिली. तिसऱ्या क्रमांकावर रॉबिन सिंगला पुढे पाठवण्यात आलं. त्याने ८२ धावा केल्या आणि सौरव गांगुलीसोबत १७९ धावांची भागीदारी रचली. गांगुलीने १२४ धावा केल्या. मग एकामागून एक विकेट पडल्या आणि हातात आलेला सामना निसटू लागला.

शेवटच्या षटकात ९ धावा हव्या होत्या. चेंडू सकलेन मुश्ताकच्या हातात, समोर पुण्याचा हृषिकेश कानिटकर आणि जोडीला जवागल श्रीनाथ. शेवटच्या २ चेंडूंत ३ धावा उरल्या तेव्हा डावखुऱ्या कानिटकरने मिडविकेटच्या दिशेने चौकार ठोकला. भारत ७ बाद ३१६, षटकं ४७.५. म्हणजे एक चेंडू शिल्लक होता.

कानिटकरच्या त्या डावातल्या एकूण धावा किती? नाबाद ११. सामनावीर गांगुली होता. तरीही तो सामना लोकांच्या तोंडी आहे तो "कानिटकरचा सामना" म्हणून.

शेवटच लक्षात का राहतो?

याचं उत्तर मानसशास्त्रात सापडतं. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी एका वेळी १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण या ३० सेकंदांत पाणी १ अंशाने कोमट होत गेलं. मग विचारलं, पुन्हा यातलं कोणतं कराल?

बहुतेकांनी दुसरं निवडलं. खरं तर त्यात त्रास जास्त वेळ होता. पण शेवट थोडा सुसह्य होता, म्हणून आठवण कमी वाईट राहिली. थोडक्यात, आपला मेंदू सगळ्या अनुभवाची बेरीज करत बसत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, या दोन गोष्टी तो उचलतो. अटीतटीच्या सामन्यात हे दोन्ही एकाच चेंडूत येतात. म्हणूनच असा चेंडू डोक्यातून जात नाही.

आठवण पक्की वाटते म्हणून ती खरी असतेच, असंही नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान कोसळलं. ही बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली, हे उलरिक नायसर आणि निकोल हार्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना तोच प्रश्न विचारला, तेव्हा अनेकांचे तपशील बदलले होते. पण सांगताना आत्मविश्वास मात्र कमी नव्हता. पाचव्या चेंडूवरचा चौकार "शेवटच्या चेंडूवर" सरकतो, तो असाच. प्रत्येक वेळी सांगताना गोष्ट थोडी घासून-पुसून चकचकीत होते.

हे फक्त क्रिकेटचं नाही

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे. तिथे २८ मार्च १९९२ हा दिवस असाच सांगितला जातो. ड्यूक आणि केंटकी या विद्यापीठांचा सामना जादा वेळेत गेला होता. २.१ सेकंद उरले असताना ड्यूक एका गुणाने मागे होतं. ग्रँट हिलने मैदानाच्या एका टोकावरून लांबच लांब पास फेकला, ख्रिश्चन लेटनरने तो झेलला, वळला आणि वेळ संपता संपता बास्केट केलं. ड्यूक १०४-१०३ ने जिंकलं.

पण त्याच्या काही क्षण आधीच केंटकीच्या शॉन वूड्सने बास्केट करून आपल्या संघाला आघाडी मिळवून दिली होती. लेटनरचा नेम चुकला असता, तर आज लोकांनी वूड्सच्या आठवणी काढल्या असत्या.

नायकाचं ठीक आहे, पण दुसऱ्या बाजूचं काय?

इथे मामला गंभीर होतो. एका चेंडूवर कुणी नायक होतो, तेव्हा त्याच चेंडूवर दुसऱ्या कुणाला कायमचा खलनायक ठरवलं जातं. याचं मोठं उदाहरण वर्ध्यापासून जेमतेम ७५ किलोमीटरवरच्या नागपूरशी जोडलेलं आहे.

१८ एप्रिल १९८६, शारजा. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला ४ धावा हव्या होत्या आणि जावेद मियांदादने षटकार मारला. गोलंदाज होता चेतन शर्मा. पुढे कित्येक वर्षं त्याचं नाव घेतलं, की लोकांना तो षटकारच आठवायचा.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एजबॅस्टन कसोटीत चेतन शर्माने १० बळी घेतले. आणि ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीए मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्याने हॅट्‌ट्रिक घेतली. केन रदरफोर्ड, इयान स्मिथ आणि इवेन चॅटफिल्ड, तिघेही त्रिफळाचीत. वर्ल्ड कपच्या इतिहासातली ती पहिली हॅट्‌ट्रिक होती. त्याच सामन्यात सुनील गावसकरने एकदिवसीय कारकिर्दीतलं एकमेव शतकही केलं आणि सामनावीराचा मान दोघांना विभागून मिळाला. तरीही शारजाचा तो एक चेंडू या सगळ्याला पुरून उरला.

रीलच्या काळात काय बदललं?

पूर्वी असा क्षण गप्पांमधून पसरायचा. सांगणारा निदान "आधी गांगुलीने धुतलं होतं" एवढं तरी जोडायचा. आता ३० सेकंदांच्या रीलमध्ये फक्त चौकार किंवा फक्त सुटलेला झेल उरतो. आणि चुकलेल्या खेळाडूपर्यंत शिवी पोहोचायला काही मिनिटं पुरतात.

४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगकडून आसिफ अलीचा झेल सुटला. भारत हरला. सोशल मीडियावर त्याला देशद्रोही ठरवणाऱ्या पोस्ट आल्या. विकिपीडियावरचं त्याचं पानही कुणीतरी खोडसाळपणे बदललं आणि केंद्र सरकारला त्याबद्दल विकिपीडियाकडे विचारणा करावी लागली.

रीलमध्ये काय नव्हतं? शेवटच्या षटकात ७ धावा वाचवायला अर्शदीपच आला होता. त्याने त्याच आसिफ अलीला बाद केलं आणि सामना पाचव्या चेंडूपर्यंत खेचला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये त्याने १७ बळी घेतले आणि भारताने तो कप जिंकला.

विदर्भाला हे चांगलं ठाऊक असायला हवं

वर्धा जिल्हा क्रिकेटपुरता विदर्भाच्या संघाचा. या संघाने पहिला रणजी करंडक १ जानेवारी २०१८ रोजी जिंकला. त्याआधीची उपांत्य लढत कोलकात्यात कर्नाटकशी होती. पहिल्या डावात विदर्भ १८५ धावांत गारद झाला आणि ११६ धावांनी मागे पडला. दुसऱ्या डावात ३१३ धावा करून संघाने कर्नाटकपुढे १९८ धावांचं आव्हान ठेवलं. कर्नाटकचा डाव १९२ वर संपला. पाच दिवसांच्या खेळानंतर फरक अवघा ५ धावांचा. रजनीश गुरबानीने त्या डावात ७ बळी घेतले.

इथे शेवटची विकेट महत्त्वाची, की दुसऱ्या डावातली प्रत्येक धाव? सहा धावा कमी झाल्या असत्या, तर ती शेवटची विकेट पाडायची वेळच आली नसती.

मार्च २०२५ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्यात विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीने निकाल लावला. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर मोठा फटका मारायला गेला आणि झेलबाद झाला. अनेकांच्या मते सामना तिथेच फिरला. पण केरळ त्या अवस्थेपर्यंत पोहोचलं, तेच मुळात त्याच्या ९८ धावांमुळे. आणि विदर्भ अंतिम सामन्यात होता, कारण हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेतले होते. रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम आहे.

कानिटकरचं पुढे काय झालं?

भारतासाठी तो २ कसोटी आणि ३४ एकदिवसीय सामने खेळला. पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याने १० हजारांहून जास्त धावा केल्या. राजस्थानचा कर्णधार म्हणून २०१०-११ आणि २०११-१२ असे सलग दोन रणजी करंडक जिंकले. २०२२ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालच्या संघाने वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता.

ढाक्याच्या चौकाराची आठवण काढण्यात गैर काही नाही. अशा आठवणींसाठीच तर लोक खेळ बघतात. पण पुढच्या वेळी शेवटच्या षटकात कुणाच्या हातून झेल सुटेल आणि ती क्लिप तुमच्या ग्रुपवर येईल, तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी एकदा पूर्ण स्कोअरकार्ड उघडून बघा. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.