बंदुकीचा परवाना पाच वर्षांनी नवा होतो, शिकवणाऱ्याची उजळणी कधी?

सिंधुदुर्ग : भात पोटरीला आलं की सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत रात्रीची राखण सुरू होते. दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, वैभववाडी, कुठेही जा, मळ्यात माळा, माळ्यावर बॅटरी आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्या हातात ठासणीची बंदूक. रानडुकरांचा कळप एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत उधळून टाकतो. त्यामुळे शेतीसंरक्षणाची बंदूक ही इथं चैन नाही, कोयत्या-कुदळीसारखंच ते हत्यार आहे. पण कोयता चालवायला बाप शिकवतो. बंदूक कोण शिकवतो, आणि त्या शिकवणाऱ्याला शेवटचं कधी कुणी शिकवलं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो

१९५९ च्या शस्त्र कायद्याने शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यात प्रशिक्षणाची अट आणली. बंदूक कशी हाताळायची, कशी डागायची, निगा कशी राखायची, कुठे ठेवायची आणि नेता-आणताना काय काळजी घ्यायची, हे मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडून शिकून त्याचं प्रमाणपत्र जोडायचं.

अट चांगलीच आहे. पण गावातल्या कितीतरी बंदुका २०१६ च्या आधीच्या. काही तर आजोबांच्या नावावरून बापाच्या आणि बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर आलेल्या. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने २५ वर्षं बंदूक बाळगली, तर हयातीतच वारसाच्या नावावर करण्याची सोय नियमांत आहे. बंदूक वारशाने येते, तिच्यासोबत सवयीही वारशाने येतात. चांगल्याही आणि वाईटही.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. शेतकऱ्याचे ओरोसचे हेलपाटे कमी झाले, हे बरंच झालं. पण नूतनीकरण म्हणजे अर्ज, फी, कागद आणि बंदुकीची तपासणी. ‘ही बंदूक भरून दाखव, आता ती रिकामी करून दाखव’ असं त्या दिवशी कुणी म्हणत नाही. कागद नवा होतो, हात जुनाच राहतो.

ठासणीची बंदूक वेगळी

इथं खरी अडचण आहे. पोलिसांच्या किंवा लष्कराच्या कवायतीत ठासणीची बंदूक नसते. तिथला माणूस रायफलमध्ये कितीही तरबेज असला, तरी दारू, बोळा, छर्रे आणि केप यांचा हिशोब त्याच्या रोजच्या कामातला नाही. ठासणीच्या बंदुकीचे धोके तिचे स्वतःचे आहेत.

पहिला धोका म्हणजे केप फुटते, पण बार लगेच होत नाही. पावसाळ्यात दारू सर्द झाली की हे हमखास. अशा वेळी माणूस बंदूक खाली घेऊन नळीत डोकावतो, नाहीतर शेजाऱ्याकडे वळून ‘काय झालं रे’ म्हणतो. नेमका तेव्हाच बार उडू शकतो. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबायचं, एवढीच गोष्ट आहे. पण ती अंधारात, घाबरलेल्या हाताने आठवायची तर सराव हवा.

दुसरा धोका दुबार ठासण्याचा. आधी भरलेली आहे हे विसरून पुन्हा दारू भरली, की नळी फाटण्याची भीती. यावर साधा जुना उपाय आहे. गजावर दोन खुणा करायच्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. गज आत सोडला की लगेच कळतं. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं, नव्या पोरांना कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरा धोका घरातला. ठासलेली बंदूक रिकामी करणं जिकिरीचं, म्हणून ती भरलेलीच कोपऱ्यात उभी राहते. केप काढली की निर्धास्त, असं समजतात. पण नळीत दारू-छर्रे तसेच असतात आणि घरात लहान मुलं असतात.

चौथा धोका सगळ्यांत मोठा, तो म्हणजे अंधार. झुडूप हललं, बॅटरीत डोळे चमकले आणि चाप ओढला. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गटातल्याच एकाला सोबत्यांनी डुक्कर समजून गोळी घातली आणि त्याचा जीव गेला. ती शिकार होती, राखण नव्हे. पण अंधार तोच आणि चूकही तीच होऊ शकते.

शिकवणारा मागे राहिला तर

हाताची सवय एक बाजू, कायद्याची माहिती दुसरी. गेल्या काही वर्षांत कायदा इतका बदलला, की २०१७ साली शिकून शिकवायला लागलेला प्रशिक्षक आज तेच सांगत असेल, तर तो शेतकऱ्याला अडचणीत आणेल.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. लग्नात-वरातीत निष्काळजीपणे हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीतून दुसऱ्या अनुसूचीत गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला, तर पूर्वी जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. आता कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत जाते.

आणि सर्वांत जास्त घोळ होतो तो इथं. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्याला मारायचं असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वन खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. दोन खाती, दोन कागद. हे पहिल्याच दिवशी शेतकऱ्याच्या मनावर ठसवायला हवं. ते ठसवणार प्रशिक्षकच, आणि त्यालाच बदल माहीत नसेल तर शेतकरी राखण करता करता आरोपी होतो.

टेक्सासचा धडा

अमेरिकेतलं टेक्सास राज्य बंदुकीच्या बाबतीत सैल म्हणून ओळखलं जातं. सप्टेंबर २०२१ पासून तिथं २१ वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला हातबंदूक बाळगायला परवानाही लागत नाही. तरी ज्यांना परवाना हवा त्यांच्यासाठी तो चालू आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र दोनच वर्षं चालतं. ते पुढे चालवायचं तर फी भरून पुन्हा वर्ग करावा लागतो आणि तो नीट पार पाडावा लागतो. वापरणाऱ्याला मोकळीक दिली, पण शिकवणाऱ्याला दिली नाही. यातलं मर्म साधं आहे. एक शेतकरी चुकला तर एक अपघात. शिकवणारा चुकीचं शिकवत राहिला तर ती चूक गावोगाव जाते.

नवा हेलपाटा नको

‘उजळणी’ म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडणार, आणि ती रास्त आहे. आधीच कागद कमी नाहीत. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या. त्यात प्रशिक्षणाचा आणखी एक दाखला आला, तर पुन्हा एसटीचं भाडं, बुडालेला दिवस आणि कुणाच्या तरी सहीसाठी ताटकळणं. शिवाय दाखला नाही म्हणून परवाना अडवायला एक नवं निमित्त मिळेल, ही भीतीही खोटी नाही.

म्हणून उजळणीची सक्ती आधी शिकवणाऱ्यावर हवी, शेतकऱ्यावर नंतर. दर दोन वर्षांनी प्रशिक्षकाने ठासणीच्या बंदुकीवर हात दाखवावा आणि शस्त्र कायदा, वन्यजीव कायदा व न्याय संहिता यांतले बदल समजून घ्यावेत. मग त्याने तालुक्यात यावं, शेतकऱ्याने जिल्ह्याला जाऊ नये. मे महिन्यात, पेरणीच्या आधी, अर्ध्या दिवसाचं विनामूल्य शिबिर पुरेसं आहे. वन खात्याचा माणूस तिथंच असला, तर परवानगीचा अर्ज कसा करायचा तेही कळेल. निवडणुकीनंतर बंदुका परत न्यायला परवानाधारक ठाण्यावर येतातच. त्याच दिवशी तासभर प्रात्यक्षिक ठेवलं तर वेगळा हेलपाटाच नाही. आणि शिबिराला आला नाही म्हणून परवाना अडणार नाही, हे सुरुवातीची काही वर्षं तरी लेखी सांगावं.

खर्च म्हणाल तर एक प्रशिक्षक, एक रिकामी बंदूक, एक गज आणि शाळेचं पटांगण. भात यंदाही पोटरीला येणार, डुक्कर यंदाही येणार आणि माळ्यावर यंदाही कुणाचातरी मुलगा बसणार. गजावरच्या दोन खुणा त्याला कुणी दाखवल्यात का, एवढं प्रशासनाने यंदाच्या राखणीआधी विचारलं तरी सुरुवात होईल.