थ्री स्टार किंवा तत्सम

परदेश सहलीच्या माहितीपत्रकात विमान, व्हिसा आणि जेवण यांच्या खाली एक ओळ ठरलेली असते: राहण्याची सोय, थ्री स्टार किंवा तत्सम. दिवाळीची सुटी जवळ आली की अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टॉवर चौकापर्यंत ही पत्रकं हातोहात फिरू लागतात. हॉटेलचं नाव त्यात सापडत नाही. ते शहरात आहे की शहराबाहेर तीस किलोमीटरवर हायवेला, जवळचं स्टेशन किती लांब, लिफ्ट आहे का, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. कपाशीच्या पैशातून किंवा निवृत्तीच्या रकमेतून आयुष्यात एकदाच परदेशी निघालेल्या जोडप्याकडून पूर्ण पैसे घ्यायचे आणि रात्री झोपायचं कुठे हे मात्र सांगायचं नाही, हे चुकीचं आहे. स्वतः बुकिंग करणाऱ्या तरुणांची अडचण उलटी असते. त्यांच्यासमोर शेकडो हॉटेलं येतात आणि निवड होते ती सगळ्यात कमी आकडा पाहून.

मधल्या दराचं हॉटेल ही तशी अलीकडची गोष्ट आहे. मेम्फिसचे केमन्स विल्सन 1951 साली पाच मुलांना घेऊन मोटारीने वॉशिंग्टनला गेले, तेव्हा वाटेतल्या मोटेलांनी प्रत्येक मुलामागे जादा पैसे घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी मेम्फिसमध्ये पहिलं हॉलिडे इन काढलं आणि आईवडिलांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलांचे पैसे माफ केले. युरोपात आयबिसचं पहिलं हॉटेल 1974 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत उघडलं. जपानचं तोयोको इन 1986 चं आणि ब्रिटनच्या प्रीमियर इनची सुरुवात 1987 ची. आयबिस, तोयोको इन आणि प्रीमियर इन यांनी खोली लहान ठेवली, पलंग आणि बाथरूम चांगलं ठेवलं. पोहण्याचा तलाव, सामान उचलणारा माणूस, खोलीत येणारं जेवण हे सगळं कमी केलं. काय सोडल्यामुळे दर उतरला हे कळलं की कोणत्या हॉटेलला हो म्हणायचं हेही कळतं. स्टेशनाजवळची जागा सोडून दर उतरवलेलं हॉटेल शेवटी महागच पडतं.

स्टारवर फार विसंबू नये. जगभर लागू होईल असा एकच नियम नाही. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड यांच्यासह सात देशांनी 2009 मध्ये हॉटेलस्टार्स युनियन स्थापन करून सामाईक कसोट्या ठरवल्या. फ्रान्सची पद्धत मात्र स्वतःची आहे. स्टार देताना मुख्यतः सोयी मोजल्या जातात. रात्री खिडकीखालून मालगाडी जाते का, याला गुण नसतात. ते कळतं राहून गेलेल्या लोकांच्या अलीकडच्या अभिप्रायांतून, त्यातही मधले गुण देणाऱ्यांच्या. भारावून गेलेले आणि संतापलेले, दोघंही खोलीबद्दल फारसं सांगत नाहीत.

पुष्कळदा पडद्यावरचा दर हा पूर्ण दर नसतो. मलेशियात 1 सप्टेंबर 2017 पासून परदेशी पाहुण्याला दर खोलीमागे दर रात्री 10 रिंगिट पर्यटन कर लागू झाला. दुबईत हॉटेलच्या दर्जानुसार 7 ते 20 दिरहम द्यावे लागतात. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून हा कर खोलीच्या दराच्या 12.5 टक्के झाला. इटलीतल्या शहरांत तो माणशी मोजतात आणि बहुतेक वेळा हॉटेलच्या काउंटरवरच मागतात. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारं बुकिंगच घ्यावं, भले ते थोडं महाग पडो. परत न मिळणाऱ्या पैशांची खोली आधी घेतली आणि व्हिसा नाकारला, की स्वस्ताई तिथेच संपते.

खोली किती माणसांची, हा वऱ्हाडी कुटुंबांना सर्वांत जास्त नडणारा मुद्दा. इकडच्या लॉजमध्ये काउंटरवर सांगितलं की जादा गादी येते आणि दोघांच्या खोलीत चौघं झोपतात. युरोपात बुकिंगवर लिहिलेल्या माणसांपेक्षा एकही जास्त घेत नाहीत. आगीच्या सुरक्षेचे नियम त्यांना मोडता येत नाहीत. जपानच्या बिझनेस हॉटेलात एकट्याची खोली साधारण 12 चौरस मीटर, म्हणजे 130 चौरस फुटांच्या आसपास असते. तिथे दोन मोठ्या बॅगा एका वेळी उघडता येत नाहीत. चौघांच्या शाकाहारी कुटुंबाने छोटं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट हॉटेल बघावं. दर थोडा जास्त दिसतो, पण रात्रीचा वरणभात खोलीवर झाला तर बाहेरच्या जेवणाचा मोठा खर्च वाचतो. एवढं लक्षात असू द्यावं की युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि पेढे घरीच ठेवावेत.

जागा निवडताना शहराच्या मध्यापेक्षा मेट्रोचं स्टेशन महत्त्वाचं. बँकॉकमध्ये सुखुमवितच्या रस्त्याने रेल्वे डोक्यावरून जाते आणि तिच्या स्टेशनांजवळ मधल्या दराची हॉटेलं भरपूर आहेत. दुबईत बर दुबई आणि करामा, सिंगापुरात सेरंगून रोडचा लिटल इंडिया, इथे खोलीही परवडते आणि खाली उतरलं की शाकाहारी जेवण मिळतं. लिटल इंडियातलं कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह 1947 पासून चालू आहे. लंडनमध्ये फिट्झरॉय स्क्वेअरला इंडियन वायएमसीए आहे. संस्था 1920 ची, आताची इमारत 1953 ची. शिकायला आणि फिरायला गेलेल्या भारतीयांच्या अनेक पिढ्यांना तिथे खोलीही मिळाली आणि भारतीय जेवणही.

एसीबद्दलही विचारून घ्यावं. युरोपातल्या कित्येक मधल्या हॉटेलांत एसी नसतो आणि कुलर तर कुठेच नाही. अकोल्याचा 45 अंशांवरचा मे महिना सोसलेल्या माणसाला युरोपचा उन्हाळा किरकोळ वाटतो, पण पॅरिसमध्ये 25 जुलै 2019 ला पारा 42.6 अंशांवर गेला होता.

आता पाण्याचा प्रश्न. संडासात पाण्याची सोय आहे का, हे विचारायला माणसं लाजतात आणि मग आठवडाभर प्लास्टिकची बाटली बाळगतात. थायलंड, मलेशिया, दुबई इथे हँड शॉवर बहुतेक ठिकाणी असतो. जपानमध्ये कमोडलाच पाण्याचा फवारा असतो. टोटो कंपनीने असा फवारा असलेलं वॉशलेट 1980 मध्ये बाजारात आणलं. इटलीत घरातल्या बाथरूममध्ये बिडे, म्हणजे कमोडशेजारचं पाण्याने धुण्याचं भांडं, असणं 1975 पासून बंधनकारक आहे आणि हॉटेलांतही तो पुष्कळदा असतो. ब्रिटन आणि जर्मनीत मात्र कागदच. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने हा प्रश्न दराच्या आधी विचारावा.

स्वच्छतेच्या बाबतीत वऱ्हाडाला दुसऱ्या कुणाचं माप उसनं घ्यायची गरज नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 ला जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा, हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले आणि लोकांकडून मिळालेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधत गेले. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, कारण वारीला आलेल्या दलित माणसाला तिथे कुणी ओसरीवरही टेकू देत नव्हतं. परक्या गावात रात्री पाठ टेकायला स्वच्छ जागा मिळणं हा माणसाचा हक्क आहे, हे त्यांना कुठल्याही हॉटेल व्यावसायिकाच्या आधी कळलं होतं. स्वतःसाठी त्यांनी यातली एकही खोली ठेवली नाही. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ, पेढी नदीपाशी, प्रवासातच त्यांचा शेवट झाला. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

शेगावचं भक्तनिवास याच परंपरेतलं. गजानन महाराज संस्थानाची खोली साधी असते. चादर धुतलेली, फरशी पुसलेली, दर ठरलेला, आणि सेवेकऱ्याचं बोलणं अदबीचं. शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही शिस्त अनेक दशकं सांभाळली; 2021 मध्ये ते गेले, शिस्त राहिली. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर आणि ओंकारेश्वरलाही संस्थानाची भक्तनिवासं आहेत आणि वऱ्हाडातली माणसं तिथे डोळे मिटून जातात. त्यांना झुंबर नको असतं, दाराशी सलाम ठोकणारा नको असतो. परदेशात मधल्या दराची खोली निवडताना हीच कसोटी लावावी. चादर, बाथरूम, ठरलेला दर आणि सरळ बोलणं या चार गोष्टी असतील तर दोन स्टारचं हॉटेलही चालेल. नसतील तर चार स्टारचंही घेऊ नये.

भारतातून निघालेली पुष्कळ विमानं युरोपात सकाळी उतरतात आणि खोली मिळते दुपारी दोन-तीननंतर. बहुतेक हॉटेलं तोवर सामान ठेवून घेतात. तरी पोचायची वेळ आधी कळवावी. पैसे कार्डाने देताना मशीन रुपयांत घेऊ का विचारतं, तेव्हा तिथल्याच चलनात द्यावेत. रुपयांत घेतले तर विनिमयाचा दर आपल्या तोट्याचा लागतो.

एजंटमार्फत जाणाऱ्यांनी आगाऊ रक्कम भरण्याआधी प्रत्येक शहरातल्या हॉटेलचं नाव, पत्ता आणि खोलीत किती माणसं, हे कागदावर लिहून घ्यावं. शेवटच्या क्षणी हॉटेल बदललं तर काय भरपाई मिळणार, हेही त्याच कागदावर यावं. जो एजंट हे लिहून देत नाही, त्याला पैसे देऊ नयेत.