‘नोंद यशस्वी’ म्हणजे नेमकी कुठे यशस्वी? ई-पीक पाहणी आणि फोनमधले आकडे

खरीप आला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत एक काम घरातल्या स्मार्टफोनवाल्या पोरा-पोरींच्या गळ्यात पडतं: ई-पीक पाहणी. बांधावर जायचं, गट नंबर निवडायचा, सोयाबीन की हळद ते भरायचं, फोटो काढायचा. स्क्रीनवर ‘यशस्वी’ आलं की घरी सांगायचं, “झालं, बाबा.”

पण नेमकं काय झालं? माझ्या मते आजचा खरा प्रश्न हाच आहे, कारण ‘यशस्वी’ हा एक शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे माहिती तुमच्या फोनमध्ये साठली. दुसरी म्हणजे माहिती सरकारी सर्व्हरवर पोहोचली. सातबाऱ्याच्या कामाची फक्त दुसरी.

यात पैसे अडकलेले आहेत

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्याआधी पिकाची नोंद तलाठी घ्यायचे, आता शेतकरी स्वतः घेतो. ही नोंद किती महत्त्वाची ते २०२४ मध्ये सगळ्यांना कळलं. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, जास्तीत जास्त २ हेक्टरपर्यंत, अर्थसाहाय्य जाहीर केलं आणि सुरुवातीला अट घातली ती ई-पीक पाहणीतल्या नोंदीची. ओरड झाल्यावर अट शिथिल झाली आणि सातबाऱ्यावरची पिकाची नोंदही धरली गेली. पण मधल्या काळात २ हेक्टरवाल्या घराचे १०,००० रुपये एका नोंदीवर टांगलेले होते. म्हणून नोंद कुठपर्यंत पोहोचली हे कळायलाच हवं.

फोनमधली छोटी वही

शेतात नेटवर्क नसतं. म्हणून अशी ऍप्स माहिती आधी फोनमध्येच ठेवतात आणि रेंज आली की अपलोड करतात. ही फोनमधली वही म्हणजे एम्बेडेड डेटाबेस, म्हणजे ऍपच्या पोटातच बसलेला डेटाबेस. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी एसक्यूलाइट सुरुवातीपासून दिलेला आहे.

एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली बनवला, आणि त्याची सुरुवातच एका एरर मेसेजपासून झाली. ते अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठी सॉफ्टवेअर करत होते. मागचा डेटाबेस सर्व्हर बंद पडला की ‘जोडता येत नाही’ असा संदेश त्यांच्या प्रोग्रामवर यायचा आणि बोलणी त्यांना बसायची. म्हणून त्यांनी सर्व्हरच न लागणारा डेटाबेस लिहिला.

ऍप या डेटाबेसला काहीही सांगतं, “ही ओळ लिही”, “ती ओळ दे”, तेव्हा उत्तरात एक आकडा परत येतो. त्याला रिटर्न कोड म्हणतात. मुख्य आकडे तीसेकच आहेत. आपल्या कामाचे एवढे:

- ० म्हणजे ओके. सांगितलेलं काम झालं.
- ५ म्हणजे बिझी. एका वेळी एकालाच लिहिता येतं. हळदीच्या मार्केटात काटा एकच असेल तर मागची गाडी थांबते, तसं. ऍपने थोडं थांबून परत प्रयत्न करायचा असतो.
- १३ म्हणजे फुल. फोनमध्ये जागाच उरली नाही.
- ११ म्हणजे करप्ट. वहीच फाटली.
- १९ म्हणजे कन्स्ट्रेंट. नियम मोडतोय, उदाहरणार्थ तीच नोंद दुसऱ्यांदा टाकली जातेय.
- १०१ म्हणजे डन. काम पूर्ण.

शेवटचा आकडा नीट बघा. ० नाही म्हणजे चूक, असं समजणारा नवखा प्रोग्रामर १०१ ला एरर समजेल आणि काम पूर्ण झालेलं असताना तुम्हाला लाल अक्षरं दाखवेल. उलट, १३ आला आणि ऍपने तो तपासलाच नाही, तर नोंद साठलेली नसताना हिरवी टिक दिसेल. डेटाबेस दोन्ही वेळा खरंच बोलला. गडबड मधल्या ऍपने केली.

११ सगळ्यात वाईट. फाइल करप्ट निघाली आणि प्रोग्रामरने वेगळी सोय केलेली नसली, तर अँड्रॉइडची नेहमीची पद्धत ती डेटाबेस फाइल काढून टाकून नवी कोरी बनवायची आहे. ऍप पुन्हा छान उघडतं. फक्त अपलोड न झालेल्या नोंदी गेलेल्या असतात.

मग पलीकडचा सर्व्हर

रेंज आली, ऍपने माहिती पाठवली. इथे आकड्यांची दुसरी भाषा सुरू होते. सर्व्हरचा २०० म्हणजे विनंती ठीक पार पडली, ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. मुदत संपत आली की सगळा जिल्हाच काय, सगळं राज्य एकदम अपलोड करायला बसतं. मग ‘सर्व्हर डाऊन’ची ओरड आणि मुदतवाढीची मागणी, हे आपण दर हंगामात ऐकतोच.

यात एक गंमतीचा पेच आहे. समजा नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना रेंज गेली. तुमच्या फोनला वाटतं, गेलीच नाही. तो परत पाठवतो. सर्व्हर म्हणतो, ही नोंद आधीच आहे. तुम्हाला दिसतो एरर, पण ही तर चांगली बातमी! नुसतं ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असं दाखवणारं ऍप तुम्हाला ती सांगत नाही आणि तुम्ही बांधावर चौथी फेरी मारता.

मला काय म्हणायचंय

शेतकऱ्याला आकडे पाठ असायची गरज नाही. पण खाली तीसेक वेगळी उत्तरं असताना वर फक्त ‘यशस्वी’ आणि ‘अयशस्वी’ दोनच ठेवणं बरोबर नाही. सरकारी असो की खासगी, शेतात वापरायच्या प्रत्येक ऍपने निदान चार गोष्टी साध्या मराठीत वेगळ्या सांगाव्यात: ‘नोंद साठली नाही, फोनमध्ये जागा करा’, ‘फोनमध्ये साठली, अजून पाठवायची आहे’, ‘सर्व्हरवर पोहोचली’, आणि ‘ही नोंद आधीच पोहोचलेली आहे’. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. उत्तर आधीच हातात आलेलं असतं, ते फक्त लोकांपर्यंत जाऊ द्यायचं.

सोबत कोडचा आकडाही कोपऱ्यात दिसू द्यावा. ‘ऍप चालत नाही’ या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. ‘१३ येतोय’ म्हटलं की गावातला कुणीही दहावीचा पोरगा फोनमधले व्हिडिओ उडवून काम पुढे नेईल.

तोपर्यंत तुम्ही काय कराल?

- पाहणीला निघण्याआधी फोनमध्ये जागा करा. फॉरवर्ड आलेले व्हिडिओ आधी उडवा.
- अपलोड बाकी असताना ऍप काढून टाकू नका. ‘क्लिअर डेटा’ तर अजिबात नको, त्याने फोनमधली वहीच पुसली जाते. ‘क्लिअर कॅशे’ वेगळं, त्याने डेटाबेस जात नाही.
- एरर आला तर स्क्रीनशॉट घ्या. तारीख, वेळ आणि गट नंबर लिहून ठेवा. तलाठ्याकडे तोंडी सांगण्यापेक्षा याला वजन असतं.
- रेंजमध्ये आल्यावर ऍपमधली गावाची पीक पाहणी उघडून खातेदाराचं नाव आलं का बघा. ती माहिती सर्व्हरवरून येते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवा.
- मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी ५०३ भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

शेजारच्या काकांची नोंद तुम्ही करून देत असाल, तर हे जास्तच जपा. फोन तुमचा असला तरी सातबारा त्यांचा आहे. गावाच्या यादीत त्यांचं नाव दिसल्यावरच त्यांना सांगा, “काका, झालं.”