माशी शिंकते ती उकिरड्यावर

मृगाच्या चार सरी पडल्या की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे आणि तिफणीकडे लागते. पण त्याच पंधरवड्यात गावठाणात आणखी एक पीक जोमाने येते. त्याला पेरणी लागत नाही, खुरपणी लागत नाही, आणि त्याची काढणी करायला कोणी धजत नाही. हे पीक माश्यांचे. भाकरीच्या टोपल्यावर माशी, दुधाच्या चरवीवर माशी, झोळीतल्या लेकराच्या डोळ्यांवर माशी. पाहुणा जेवायला बसला तर पहिल्याच घासाला मक्षिकापात! आणि आपण काय म्हणतो? "पावसाळा आहे, माश्या असायच्याच." हे 'असायच्याच' म्हणणे सोडल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

माशी घरात दिसते, पण ती घरात जन्मत नाही. ताजे शेण, ओला कचरा, उघड्यावरची घाण, पोल्ट्रीतले भिजलेले तूस ही तिची बाळंतिणीची खोली. एक मादी एका वेळी शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि आयुष्यात अशी चार-पाच वेळा घालते. उष्ण-दमट दिवसांत अंडी एका दिवसात फुटतात. पांढऱ्या अळ्या पाच-सहा दिवस शेणात वाढतात, मग कडेच्या कोरड्या जागेत किंवा मातीत सरकून तपकिरी कोषात जातात. त्यातून चार-पाच दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे आज उकिरड्यावर टाकलेली पाटी साधारण दहा दिवसांनी पंख लावून स्वयंपाकघरात परत येते. एवढा हिशेब कळला तरी निम्मे काम झाले.

घरमाशी चावत नाही, म्हणून तिला कोणी भीत नाही. पण तिचे दुखणे चावण्यात नाही, जेवण्यात आहे. तिला घट्ट पदार्थ खाता येत नाही. ती त्यावर लाळ आणि पोटातले पाणी ओकते, तो ओला करते आणि मग शोषते. मघाशी ती कुठे बसली होती हे तिच्या केसाळ पायांना विचारावे. हगवण, आमांश, पटकी, विषमज्वर या रोगांचे जंतू ती पायांवर आणि पोटात घेऊन फिरते. डोळ्यांची साथही पसरवते. दूषित पाणी आणि न धुतलेले हात हीदेखील मोठी कारणे आहेत, सगळा दोष माशीच्या माथी मारता येणार नाही. पण पाकिस्तानातील काही खेड्यांत माश्या आटोक्यात आणून पाहिल्या, तेव्हा लहान मुलांतील हगवणीचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तिथले गोठे, तिथली घरे आपल्यापेक्षा फार वेगळी नाहीत. अंगणवाडीच्या भिंतीला लागून ज्या गावात उकिरडा आहे, त्या गावाने हा आकडा दोनदा वाचावा.

गुरांच्या दारची माशी वेगळी. दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडाला टोचणारी सोंड. ती जनावरांच्या पायांचे रक्त पिते. म्हैस सारखी पाय आपटते, शेपूट मारते, चारा नीट खात नाही आणि दुधाला कमी होते. आपण पेंडीला दोष देतो! ही चावरी माशी गोठ्यातल्या मुतात आणि शेणात भिजलेल्या, कुजलेल्या चाऱ्यात वाढते. तिसरी ती निळी-हिरवी चकचकीत माशी. मेलेल्या जनावरावर आणि उघड्या जखमेवर ती अंडी घालते. नुकत्याच जन्मलेल्या वासराची नाळ, शिंगाची जखम, खांद्याचा घट्टा यांत किडे पडतात ते तिच्यामुळे. मेलेले जनावर ओढ्याच्या काठी टाकून देण्याची रीत म्हणूनच बंद व्हायला हवी. खोल खड्डा घेऊन ते पुरलेच पाहिजे. जखमेत किडे दिसले तर घरगुती प्रयोगात वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

आता इलाजाकडे वळू. माश्या वाढल्या की ग्रामपंचायतीवर बोंब होते. मग गटाराच्या कडेने पांढऱ्या पावडरीची रांगोळी घातली जाते, धुराचे यंत्र गल्लीतून फिरते, फोटो निघतो. चार दिवसांनी माश्या तितक्याच! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशातला हा प्रकार. धुराने उडत्या माश्यांतल्या काही मरतील. शेणाच्या पोटातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय माशी औषधाला लवकर सरावते. डीडीटी आले तेव्हा माशीचे राज्य संपले असे जगाला वाटले होते, पण १९४०च्या दशकातच युरोपात डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या सापडल्या. आपल्याकडे बीएचसी पावडर वर्षानुवर्षे उधळली गेली. तिच्यावर १९९७ मध्ये बंदी आली. गोठ्यात सर्रास फवारले जाणारे डायक्लोरव्हॉस, ज्याला गावोगाव 'नुवान' म्हणत, त्यावरही ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती गोठ्यात, घरात वा धान्याजवळ वापरू नये. शेतीसाठी आणलेले कोणतेही कीटकनाशक 'माश्यांना चालतंय की' म्हणून चुलीपाशी फवारणे म्हणजे माशीपेक्षा मोठे संकट घरात घेणे.

तेव्हा मुळावर घाव घालायचा तर तो उकिरड्यावर. उकिरडा काढून टाका असे कोणी म्हणत नाही. शेणखत हे शेतकऱ्याचे सोने आहे. प्रश्न ते कसे साठवायचे एवढाच. उघडा, विस्कटलेला, पावसाने भिजणारा ढीग माशी पोसतो आणि खताचा कसही वाहून नेतो. म्हणजे दोन्हीकडून तोटा. त्याऐवजी शेण रोज खड्ड्यात टाकून दाबावे आणि वर मातीचा थर द्यावा. कुजताना ढिगाच्या पोटात इतकी उष्णता तयार होते की तिथे अळी जगत नाही. ती जगते वरच्या चार-सहा इंचांत, ओलसर कडेला. म्हणून आठवड्यातून एकदा कडेचे शेण आत ओढून ढीग झाकला, तर माशी व्हायच्या आत अळीचा निकाल लागतो. हा आठवडा चुकवू नये. पंधरा दिवसांनी केलेली साफसफाई म्हणजे पाखरे उडून गेल्यावर घरट्याला जाळी लावण्यासारखे.

पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी तयार केलेली 'नाडेप' टाकी याच कामाची. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोके, आणि भरल्यावर वरून शेणमातीचा लेप. थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजतो आणि तीन-चार महिन्यांत खत हाती येते. लेपाला भेगा पडल्या की त्या बुजवल्या पाहिजेत, नाहीतर माशीला दार उघडेच. गोबरगॅस असेल तर फारच उत्तम. ताजे शेण रोजच्या रोज आत जाते, बाहेर येणाऱ्या कुजलेल्या मळीवर माशी तितकी घोंगावत नाही आणि चुलीचा धूरही वाचतो. कित्येक गावांत अशा टाक्या अनुदानातून बांधल्या गेल्या आणि आज त्यांत सरपण रचलेले दिसते. टाकी बांधली म्हणजे माशी कागद वाचून गाव सोडते, असा काही सरकारी नियम नाही.

पोल्ट्रीचा विषय नाजूक आहे. शेड आली की वस्तीवाले अर्ज करतात, शेडवाला म्हणतो कर्ज माझ्या डोक्यावर आहे. दोघांचेही खरे. वाद मिटवायचा तर मुद्दा ओलीचा आहे, कोंबडीचा नाही. कोरड्या विष्ठेत माशी वाढत नाही. गळणारी पाण्याची भांडी आणि नळ रोज तपासणे, भिजलेले तूस लगेच बाहेर काढणे, शेडभोवती पाणी न साचू देणे, मेलेल्या कोंबड्या त्याच दिवशी पुरणे, एवढे पाळले तरी निम्मी तक्रार संपेल. उरलेली निम्मी कोंबडखत विकत घेणाऱ्या शेतकऱ्याची. बांधावर ओल्या खताचा ढीग ओतायचा आणि नांगर सापडेपर्यंत महिनाभर तसाच ठेवायचा, हे चालणार नाही. माशी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. खत आणले की ताडपत्रीखाली झाकावे, पसरले की त्याच दिवशी मातीत मिसळावे.

घरातली कामे बायाबापड्या जाणतातच, पण ती एकट्या त्यांच्या माथी मारू नयेत. अन्न झाकून ठेवणे, खरकटे लगेच उचलणे, लहान मुलाची शी अंगणात न ठेवता संडासात टाकणे. महाराष्ट्राचा ग्रामीण भाग २०१८ मध्ये हागणदारीमुक्त जाहीर झाला, तरी पहाटेची ओढ्याची वाट काही गावांत अजून मोडलेली नाही, हे सांगायला पंचांगाची गरज नाही. शौचालयाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधावी. दहा-वीस रुपयांचे काम आहे, डासही थांबतात. उडत्या माश्यांसाठी जुना चिकट्याचा उपाय निर्धोक आहे: साधारण दोन भाग राळ आणि एक भाग एरंडेल मंद आचेवर एकजीव करून दोरीला किंवा कागदाला लावावे. माशी रात्री लोंबत्या दोरीवर बसतेच, तिथेच चिकटते. पण हा सहायक उपाय, मुख्य नव्हे.

आता ग्रामपंचायतीकडे वळू. ज्याचा मळा आहे तो उकिरडा मळ्यात नेईल. पण ज्याला दोन खणांचे घर आणि दारात एक म्हैस एवढाच संसार आहे, त्याने शेण कुठे टाकायचे? त्याला नोटीस बजावणे सोपे, जागा दाखवणे अवघड. म्हणून गावठाणाबाहेर, पाणवठ्यापासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला सामाईक खतखड्ड्यांची जागा आखून द्यावी. प्रत्येक घराचा खड्डा ठरलेला असावा आणि खताची मालकी ज्याची त्याची राहावी. खत चोरीला जाते ही भीती असते, म्हणूनच उकिरडा दारात असतो! पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग स्वच्छता आणि पाणी यांसाठीच बांधून दिला होता. गावात त्यातून काय झाले, पावडरीवर किती गेले आणि खड्ड्यांवर किती, हे ग्रामसभेत विचारायचा प्रत्येकाला हक्क आहे. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांनी हिशेब मांडावा. लोकांनीही विचारताना आपल्या दारचा ढीग विसरू नये.

जागाच बंद केली की कीटक हटतो, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत जिरवले, उघडी गटारे संपवली आणि डास हटवले. तिथे धुराचे यंत्र जिंकले नाही, खड्डा जिंकला. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा झाडू हातात घेतलेली गावे अजून आपल्यातच आहेत. बक्षिसासाठी जे जमले ते लेकरांसाठी जमू नये, असे कसे म्हणायचे?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्यावा, पण अळी ग्रामसभेची वाट बघत नाही. येत्या सोमवारी प्रत्येकाने आपला ढीग दाबून झाकावा, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा. शाळा आणि अंगणवाडीपासून पन्नास पावलांत असलेले उकिरडे पंचायतीने सर्वांत आधी हलवावेत, आणि त्याची सुरुवात सरपंच व सदस्यांच्या दारापासून व्हावी. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे. आपल्या लेकरांच्या पोटाला बारा वर्षे थांबायला सांगता येत नाही.