पांढरे ठिपके आणि निळी बाटली

माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले की आपल्याकडे एकच उपाय ठरलेला. दुकानातून निळी बाटली आणायची आणि टाकीत थेंब टाकायचे. गोल्डफिशच्या बाबतीत हे एकवेळ खपून जातं. पण टाकीत पफरफिश असेल आणि पाणी निमखारं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: बाटली सगळ्यात शेवटी. आधी हायड्रोमीटर!

निमखारं म्हणजे खाडीचं पाणी. बाजारात मिळणारा हिरवा ठिपकेवाला पफर दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या नदीमुखांचा, कोकणात ज्याला केंड म्हणतात त्याच कुळातला. (थोडी गीकगिरी: याचा जीनोम 2004 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. आपला सुमारे 300 कोटी अक्षरांचा, याचा जेमतेम 34 कोटींचा. कॉम्पॅक्ट कोड!) दुकानात मात्र तो बरेचदा 'गोड्या पाण्यातला' म्हणून विकला जातो. पिल्लू काही महिने तग धरतं. मग तब्येत ढासळते आणि परजीवींचं फावतं.

आता हे ठिपके, म्हणजे 'इक'. दिसतो तो परजीवी कातडीच्या आत असतो, तिथे औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो खाली गळतो, तळाशी कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणून 'ठिपके गेले, औषध बंद' हे लॉजिक चुकीचं. बग दिसत नाही म्हणजे बग गेला असं नसतं, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको :)

गंमत पुढेच आहे. गोड्या पाण्यातल्या इकला मीठ सोसत नाही, आणि समुद्रातल्या इकला सहसा इतकं कमी मीठ चालत नाही. म्हणजे 1.005 ते 1.010 घनतेचं पाणी हेच अर्धं औषध! तरीही ठिपके आले, तर पहिली शंका घ्यायची ती पाण्यावर. मूठभर खडेमीठ टाकलं की पाणी निमखारं होत नाही. 1.005 साठी लिटरला साधारण 9 ग्रॅम सागरी मीठ लागतं, तेही मोजून आणि पाणी बदलताना हळूहळू वाढवत.

उलट तांब्याचं औषध घ्या. पफरला खवले नसतात, त्याला ते लवकर बाधतं. टाकीत शिंपले-प्रवाळाची वाळू असेल तर ती तांबं शोषते, मग लोक अजून थेंब टाकतात. त्याच्या खाण्यासाठी सोडलेल्या गोगलगायी मरतात त्या वेगळ्याच.

मीठ म्हणजे रामबाण नाही, हेही खरं. अंगावर सोनेरी धूळ दिसली तर तो 'वेल्वेट'. त्याची एक जात निमखाऱ्यातही मजेत जगते. खाऊनपिऊन पोट खपाटीला गेलं असेल तर जंतांचा संशय घ्या. तिथे औषध हवंच. पण रोग ओळखून, वेगळ्या टाकीत.

बाटली ओतली की 'आपण काहीतरी केलं' असं बरं वाटतं. ते समाधान आपलं असतं, त्याची किंमत मासा मोजतो. तेव्हा मंडळी, या वीकेंडला पाणी मोजा. बाटली कुठे पळून जात नाही.