कान अब्बांचे खराब नव्हते

"कान थक गए, बेटा. बंद कर." अब्बांचं हे वाक्य मी जवळजवळ वर्षभर ऐकत होतो आणि दर वेळी त्याचा चुकीचा अर्थ लावत होतो. सत्तरी ओलांडलीय, कान गेले असतील, असं समजून मी गप्प बसायचो.

घरात हाय-फाय सिस्टीम आणली ती त्यांच्यासाठीच. दोन स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक सीडी प्लेअर, सगळं हप्त्यांवर. या माणसाने उभं आयुष्य मेहदी हसन आणि बेगम अख्तर यांना खरखरत्या ट्रान्झिस्टरवर आणि घासलेल्या कॅसेटवर ऐकलं. उतारवयात तरी नीट ऐकायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती. पण दुसरी गझल संपायच्या आत अब्बा उठून गॅलरीत जाऊन बसत. पुढे त्यांनी ऐकणंच सोडलं. जे ट्रान्झिस्टरने हिरावलं नव्हतं ते माझ्या महागड्या यंत्राने हिरावलं.

मी दुकानदाराकडे गेलो. त्याने घर पाहिलं नाही, खोली केवढी आहे हे विचारलं नाही. म्हणाला, "सर, वायर बदला." बदलली. महिन्याभराने म्हणाला, "स्पीकर अजून मोकळे झाले नाहीत, वाजवत राहा." वाजवत राहिलो. मग म्हणाला, "आता अ‍ॅम्प्लिफायर वरचा घ्या." तिथे मात्र माझ्यातला मास्तर जागा झाला.

बीएडला आम्हाला शिकवलं होतं: आधी नैदानिक चाचणी, मग उपचारात्मक अध्यापन. पोरगं वाचताना अडखळत असेल तर आधी बघायचं की त्याला अक्षर ओळखता येत नाही, फळा दिसत नाही की पोटात अन्न नाही. न बघता नवं पुस्तक हातात देणारा शिक्षक नालायक. मग न बघता नवी वायर विकणाऱ्याला आपण 'एक्स्पर्ट' का म्हणतो?

तर मी चाचणी घेतली. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिली चाचणी वायरची. महागडी वायर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी दीड एमएमची तांब्याची वायर मी आलटून पालटून लावली. कोणती कधी लावली ते अब्बांना सांगितलं नाही. दहा वेळा विचारलं. शेवटी ते वैतागले, "दोन्ही सारख्याच टोचतात. तू का उठबस करतोयस?" यात नवल नाही. चार मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन आठ मीटर दीड एमएमची वायर लागते आणि तिचा रोध जेमतेम 0.1 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो किती? केसासारखी बारीक वायर लांबवर ओढली, सांधा सैल राहिला, तर फरक पडतो, हे मान्य. पण त्यावरचा औषध शंभर रुपयांचा स्क्रू-ड्रायव्हर आणि थोडी जाड वायर आहे, माझा पगार नाही.

दुसरी चाचणी हेडफोनची. तीच गझल, तोच प्लेअर. अब्बांनी पूर्ण ऐकली आणि वर म्हणाले, "ये ठीक है." म्हणजे कान शाबूत, रेकॉर्डिंग शाबूत. उरले स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि खोली.

तिसरी चाचणी फुकटची. दिवाणखान्याच्या मधोमध उभं राहून मी एक टाळी वाजवली. टाळीमागून 'झिर्रर्र' असा पत्र्यासारखा नाद आला. तेव्हा डोळे उघडले आणि मी पहिल्यांदा आमची खोली पाहिली. खाली चकचकीत टाईल्स, समोर काचेची सरकती खिडकी, तिन्ही बाजूंनी उघड्या गुळगुळीत भिंती, मध्ये काचेचं टीपॉय. जुन्या घरात सतरंजी होती, गादी-तक्के होते, कोनाड्यात रचलेल्या वाकळी होत्या, जाड पडदे होते. फ्लॅट घेतला तेव्हा हे सगळं 'जुनाट' म्हणून आम्हीच काढून टाकलं.

आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो, तसाच भिंतीला आपटूनही येतो. आपटलेल्या आवाजाचा रस्ता एक मीटरने लांब असेल तर तो जेमतेम 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतक्या कमी वेळात कानाला दोन आवाज वेगळे कळत नाहीत, तो दोन्ही एकत्र करतो आणि मूळ आवाजाचा रंग बिघडतो. त्यात आपला कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. टाईल्स आणि काच नेमका हाच वरचा आवाज परत फेकतात, शोषत नाहीत. मी उर्दू शिकवतो. से, सीन, सुआद, तिन्हींचा उच्चार उर्दूत एकच, 'स'. माझ्या खोलीत त्या प्रत्येक 'स'ची सुई झाली होती. ती टोचायची आणि अब्बा गॅलरीत जायचे.

मग उपचार. अब्बा खुर्चीत बसले. मी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेलो. बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसला, तिथे अम्मीची दुमडलेली वाकळ टांगली. दोन्ही बाजूंना तसंच केलं. खाली सतरंजी आली. टीपॉय हलवला. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे घेतले आणि थेट तोंडावर रोखलेले होते ते किंचित बाहेर वळवले. व्हॉल्यूम कमी केला. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे पिळलं की आवाजाची लाट वरून छाटली जाते आणि त्यातून मुळात नसलेले कर्कश स्वर जन्मतात. नंतर वाकळींच्या जागी एका बाजूला पुस्तकांचं कपाट आलं, दुसऱ्या बाजूला जाड पडदा. नवा खर्च तेवढ्या पडद्याचाच.

कुणी म्हणेल, सगळा दोष खोलीचाच कसा? नाहीच. काही सीडींवर जुनी गाणी 'रीमास्टर' या नावाखाली इतकी दाबून मोठी केलेली असतात की हळू आणि जोरात यातला फरकच उरत नाही. अशी सीडी हेडफोनवरही टोचते. तिला वाकळ काय करणार? काही स्पीकर मुळातच वरचे स्वर फुगवतात, दुकानाच्या गोंगाटात ते 'क्लिअर' वाटावेत म्हणून. म्हणूनच म्हणतो, आधी चाचणी.

मी सांगली-मिरजेच्या बाजूचा. मिरजेत हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून सतार-तंबोऱ्याचे कारागीर तयार झाले. तंबोरा बोचरा वाजू लागला तर तिथला कारागीर गिऱ्हाइकाला नवा तंबोरा गळ्यात मारत नाही. घोडीवरची जवारी कानसाने घासतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, कान लावतो, पुन्हा सरकवतो. हा आपल्याच गावातला शहाणपणा आहे. तो सोडून आपण वायरीच्या जाहिराती वाचतो, कारण ऐकायला वेळ लागतो आणि विकत घ्यायला फक्त कार्ड लागतं.

दुकानदारावर माझा राग आहेच. पण तो निदान पोटासाठी खोटं बोलला. मी कशासाठी बोललो? समोरचा माणूस स्पष्ट सांगत होता की त्रास होतोय. मी यंत्राच्या किमतीवर विश्वास ठेवला, बापाच्या कानांवर नाही. म्हातारा तक्रार करतो म्हणजे म्हाताऱ्यातच बिघाड, हे आपण किती सहज धरून चालतो! लग्नाच्या मांडवात भोंग्यापासून खुर्ची लांब ओढणाऱ्या आजीलाही आपण हेच म्हणतो. वयाबरोबर हळू आवाज ऐकू येईनासा होतो, पण मोठा आवाज लवकर असह्य होऊ शकतो. अशा माणसाची तक्रार आधी ऐकायला हवी, शेवटी नाही.

तुमच्या घरात कुणी गाणं अर्ध्यावर सोडून उठत असेल, तर दुकानात जाण्याआधी दिवाणखान्यात एक टाळी वाजवा. आणि उठलेल्या माणसाला विचारा, नेमकं कुठे टोचतं.

परवा अब्बांनी अख्खी सीडी ऐकली. संपल्यावर म्हणाले, "दुसरी बाजू लाव." सीडीला दुसरी बाजू नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही. पहिलीच पुन्हा लावली.